बारा थाऊंची फट

पिंपळदरा वस्ती, ता. शेवगाव
१३ डिसेंबर १९७२

तीर्थरूप मामांस चांगुणाचा नमस्कार.

सावेडीचे घर सोडून मला नऊ वर्षे झाली. एवढ्या काळात तुम्हाला पाच पत्रेही लिहिली नाहीत, आणि आज लिहिते ती गरज पडली म्हणून. रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

वस्तीत चौतीस घरे आहेत. औंदा सगळ्यांच्या विहिरी आटल्या. पाणी आहे ते फक्त आमच्या विहिरीला, तेही सत्तर फूट खाली, बाजूच्या कपारीत. तिथे पोहरा पोचत नाही. आमचे डिझेल इंजन ते पाणी वरच्या टाकीत टाकते आणि सगळी वस्ती त्यावर जगते. टँकरला इथवर रस्ता नाही. आता इंजन निळा धूर ओकते आहे. हँडल हलके फिरते, दाब धरत नाही, आणि पाइपातून पाणी करंगळीएवढे पडते.

पोलीस पाटील श्रीमंततात्या म्हणतात की इंजन बंद पडले की वस्ती उठवायची आणि सगळ्यांनी खडीच्या सरकारी कामावर तंबूत जाऊन राहायचे. आम्हा दोघांना तसे जाता येणार नाही. का ते पुन्हा कधी लिहीन. वस्ती गेली तर ओसाड माळावर आम्ही दोघेच उरू.

शेजारच्या मालनवहिनींनी तुमची आठवण काढली. म्हणाल्या, “चांगुणे, तुझा मामा नगरला पोरांना इंजनाचं शिकवायचा न्हवं? त्याला लिही. म्हनावं, आमचं इंजन नापास झालंय, एकडाव पुन्हा बसू द्या.”

तुमची,
चांगुणा


सावेडी, अहमदनगर
१७ डिसेंबर १९७२

चि. सौ. चांगुणेस आशीर्वाद.

पत्र शेवटपर्यंत वाचले. रागाने कोणताही प्रश्न सुटत नाही, म्हणून तो विषय बाजूला ठेवतो.

धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, हे पाठशाळेत शिकलेले पहिले उदाहरण. त्याच रीतीने निळ्या धुरावरून जळणाऱ्या वंगणतेलाचे अनुमान करावे. तेल खालून वर चढते आहे आणि दाब वरून खाली निसटतो आहे. दोघांनाही वाट एकच आहे, ती पिस्टन आणि तो ज्या नळीत वरखाली धावतो तो लायनर यांच्यामधली. ही वाट अडवण्याचे काम पिस्टनवरच्या रिंगांचे. सबब, रिंगा झिजल्या आहेत. हँडलचे हलके फिरणे हा त्याला स्वतंत्र पुरावा आहे.

मूळ मापाच्या रिंगा आज नगरमध्ये मिळत नाहीत, कारण जिल्ह्यातले प्रत्येक इंजन अखंड चालू आहे. दहा थाऊ मोठ्या मापाचे दोन संच मिळाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक संच आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायचा नेमक्या जाडीच्या पोलादी पानांचा जुडगा, शेवगावच्या एस. टी.च्या कंडक्टरजवळ देत आहे. दुसरा माझ्याजवळ ठेवतो, कारण तुझ्या यजमानांच्या, कानिफनाथरावांच्या, हाताविषयी माझे मत तुला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.

आता कृती. रिंग अखंड वर्तुळ नसते. तिची दोन टोके समोरासमोर येतात आणि मध्ये फट राहते. लोखंड तापले की वाढते, आणि त्या वाढीला जागा म्हणून ही फट. ती फार असेल तर दाब निसटेल. मुळीच नसेल तर तापलेली टोके एकमेकांवर आदळतील आणि रिंग लायनरला धरून बसेल. तुमच्या इंजनाला बारा थाऊंची फट हवी. पिस्टनवर चढवण्याआधी प्रत्येक रिंग लायनरमध्ये सरळ बसवावी आणि गेजचे बारा थाऊंचे पान फटीत घालून पाहावे. पान जात नसेल तर टोक बारीक कानशीने घासावे, पुन्हा मोजावे. घासलेले परत येत नाही, हे कानिफनाथरावांना दोनदा सांग.

तुझा मामा,
राधाकृष्ण


पिंपळदरा वस्ती
२४ डिसेंबर १९७२

तीर्थरूप मामा,

कंडक्टरने पुडके हातात दिले आणि विचारले, “बाई, यात बांगड्या हाईत का?” मी म्हटले, इंजनाच्या. तो स्टँड सुटेपर्यंत हसत होता.

दोन दिवस लागले. चारही रिंगांची टोके घासली, एकदा घासले तर चारदा मोजले. बारा थाऊंचे पान जाते आणि तेरा थाऊंचे अडकते, इतके नेमके केले. मालनवहिनी येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “सोनाराला येवडी उसाभर पुरत न्हाई. आमच्या ह्यांनी माझ्या मंगळसूत्राला येवडं घासलं असतं तर मी उपाशी निजले असते.” बन्सीभाऊजी, म्हणजे त्यांचे मालक, मागेच उभे होते.  ते एरवीही फारसे बोलत नाहीत.

आता एक शंका आहे. सगळे जोडून हँडल फिरवून पाहिले. पिस्टन वर असताना बरा फिरतो. खाली येताना जड होतो, अगदी खाली तर दोन्ही हात लावावे लागतात. पुन्हा वर जाताना मोकळा होतो. इंजन सुरू करावे का नाही, ते कळवा. तोवर थांबते. टाकीत पाच-सहा दिवसांचे पाणी आहे.

चांगुणा


सावेडी
२८ डिसेंबर १९७२

चि. सौ. चांगुणेस आशीर्वाद.

शंका आली की तिचे कारण शोधावे आणि कारण सापडले की शंका सोडून द्यावी. नवी रिंग जड जाते. तिचा पृष्ठभाग अजून लायनरशी जुळलेला नसतो. चालता चालता तो जुळतो. मी सव्वीस वर्षे इंजने जोडून घेतली आणि त्यातले प्रत्येक पहिल्या दिवशी जड होते. उलट, नव्या रिंगांवर हँडल हलके फिरले असते तर मी चिंता केली असती.

फट बारा थाऊ, हे तू लिहिलेस. कृती पूर्ण झाली. इंजन सुरू करावे, पहिला एक तास भार कमी ठेवावा, आणि तेलाची पातळी कानिफनाथरावांनी स्वतः पाहावी. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

राधाकृष्ण


पिंपळदरा वस्ती
३ जानेवारी १९७३

मामा,

काल सकाळी इंजन सुरू केले. चाळीस मिनिटे चालले. मग आवाज बसत गेला, किंचाळल्यासारखे झाले आणि जागेवर जाम झाले. हँडल हलत नाही. तेल पुरेसे होते. इंजन थंड ठेवणारे पाणीही फिरत होते.

टाकीत वीतभर पाणी आहे. आज बायका विहिरीत उतरल्या. पायऱ्या नाहीत, बांधकामातून बाहेर आलेले दगड आहेत.

काय करू ते लगेच लिहा.

चांगुणा


सावेडी
७ जानेवारी १९७३

चि. सौ. चांगुणेस.

घाईत लिहिलेले पत्र घाईपुरतेच माहिती देते. तेल पुरेसे होते असे तू म्हणतेस. ते कोणी पाहिले? भार कमी ठेवला होता का? फट कोणी मोजली, आणि मोजणाऱ्याने गेजचे पान सरळ धरले होते की तिरपे? कानिफनाथरावांनी रिंगा चढवताना चारही फटी एका ओळीत ठेवल्या का?

सांगितलेली कृती बरोबर होती. बरोबर कृतीतून चुकीचे फळ येत नाही. म्हणून कृती सांगितल्याप्रमाणे झाली नाही, एवढाच निष्कर्ष उरतो. कोण चुकले हे ठरवायला मी बसलेलो नाही, पण कुठे चुकले हे ठरल्याशिवाय दुसरा संच पाठवणे म्हणजे तोही गमावणे. नगरमध्ये यापुढे संच नाही.

कानिफनाथरावांनी उत्तर स्वतःच्या हाताने लिहावे.

राधाकृष्ण


पिंपळदरा वस्ती
१२ जानेवारी १९७३

तीर्थरूप मामा,

ते स्वतःच्या हाताने लिहू शकत नाहीत. नोव्हेंबरात हँडल उलटे फिरले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड वाकडे बसले. खडी फोडायला हात नाही, म्हणून आम्हाला वस्तीबरोबर जाता येत नाही. हे तुम्हाला लिहिले नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक होते. इंजन मी खोलले. टोके मी घासली. फट मी मोजली. ते शेजारी बसून सांगत होते. तेल मी पाहिले, भार अर्धा होता, पान सरळ होते आणि फटी चारही दिशांना फिरवलेल्या होत्या.

सोमवारी मालनवहिनी विहिरीत पडल्या. तिसऱ्या खेपेला उतरत होत्या. मी अडवले तर म्हणाल्या, “इंजन तुझ्या मामाचं ऐकत न्हाई तर न्हाई ऐकत. माझं पाय मलाच इचारून चालत्यात.” दगड निसटला. वीस फुटांवरून खाली. बाजेवर घालून रस्त्यापर्यंत नेले आणि ट्रकने नगरच्या दवाखान्यात. कमरेखाली काही हलत नाही.

तुमचे पत्र आले त्या दिवशी मी रॉकेल आणि लाकडी ठोकळा घेऊन पिस्टन बाहेर काढला. एक रिंग शाबूत निघाली. ती लायनरमध्ये वर बसवली, बारा थाऊंचे पान गेले. मग बोटाने ढकलत खाली नेली. निम्म्यावर सहा थाऊंचे पान गेले. अगदी खाली, जिथे पिस्टन थांबतो तिथे, फटच नाही. टोके एकमेकांना टेकली आहेत. लायनर वर झिजून रुंद झाला आहे आणि खाली जवळजवळ कोरा आहे.

मी वरच मोजले, कारण तिथे हात पोचतो. रिंग किती खोल बसवायची ते तुमच्या पत्रात नव्हते. पत्र समोर ठेवून हे लिहिते आहे.

मामा, कुठे मोजायला हवे होते?

चांगुणा


सावेडी
१७ जानेवारी १९७३

चि. सौ. चांगुणेस.

खाली मोजायला हवे होते. लायनरचा जो भाग सर्वांत कमी झिजलेला, तिथे. म्हणजे रिंगची धाव जिथे संपते तिथे. व्यासात चार थाऊंचा फरक असला की परिघात साडेबारांचा पडतो. तू वर बारा ठेवलेस. खाली शून्य उरले. थंड असताना टोके टेकली, तापल्यावर आदळली. तुझी प्रत्येक कृती माझ्या पत्राप्रमाणे होती आणि त्या पत्राचेच हे फळ आहे.

हे वाक्य माझ्या पत्रातून का गळले, याचा मी दोन दिवस विचार केला. शाळेच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षे शिकवले आणि तिथला प्रत्येक लायनर नवा होता. नव्या लायनरमध्ये वर आणि खाली सारखेच. कुठे मोजावे, हा प्रश्न माझ्यासमोर कधी उभाच राहिला नाही. सर्व लायनर असेच असतात असे मी धरून चाललो, आणि ज्या लायनरवर चौतीस घरे अवलंबून होती तो तसा नव्हता.

दुसरी चूक पहिलीपेक्षा गंभीर आहे. “खाली येताना जड होतो” असे तू स्पष्ट लिहिले होतेस. मी त्यातला “जड” एवढाच शब्द घेतला आणि “खाली” सोडून दिला. चुकीचे स्थान तू मला पत्राने दाखवले होतेस. मी तुला सव्वीस वर्षांचा अनुभव ऐकवला.

कानिफनाथरावांविषयी मी जे लिहिले ते मागे घेतो. हे त्यांना वाचून दाखव.

तुझे पत्र आल्यापासून रोज दवाखान्यात जातो. काल मालनबाईंना सर्व सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “मास्तर, म्हंजी तुमची एक वळ लिवायची ऱ्हायली म्हनून मी हितं. बरं. आता चांगुणीला नीट लिवा, काय इसरू नका. आन् त्या नर्सबाईला हाक मारा, पाठ जळतीया.” मी हाक मारली.

दुसरा संच कंडक्टरजवळ देत आहे. लायनरचे ओरखडे रॉकेल आणि बारीक पॉलिशपेपराने सौम्य करावेत आणि नंतर सुती फडक्याने कणन् कण पुसावा. रिंग आत घातल्यावर ती नुसत्या पिस्टनने सरळ ढकलत धावेच्या शेवटापर्यंत न्यावी आणि तिथे बारा थाऊ ठेवावेत. मग वर ती पंचविसाच्या आसपास भरेल. दाब थोडा निसटेल, धूर होईल, तेल जास्त जळेल. हे सर्व होऊ द्यावे. या लायनरमध्ये याहून चांगले इंजन होणार नाही. पण ते अडकणारही नाही.

मी यायला हवे होते. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुझी पत्रे भिंगाने वाचतो आणि गेजचे पान मला दिसत नाही. हेही मी तुला कळवले नव्हते.

या वेळी मला विचारण्यासाठी थांबू नकोस. हँडल कुठेही अडले तर सुरू करू नकोस. माझे पत्र आणि तुझा हात यांत विरोध आला तर हात प्रमाण मान.

राधाकृष्ण


पिंपळदरा वस्ती
२७ जानेवारी १९७३

तीर्थरूप मामा,

इंजन परवापासून चालते आहे. हँडल वरपासून खालपर्यंत सारखे फिरले तेव्हाच सुरू केले. चाळीस मिनिटे झाली तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत नव्हतो. एक तास झाला. तीन तास झाले. धूर आहे, तुम्ही लिहिला तेवढाच. टाकी भरली.

तरी वस्ती जाणार. पाणी भरून नेतात आणि घरी जाऊन सामान बांधतात. श्रीमंततात्या टाकीजवळ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “बाईच्या हातचं इंजन हाय ह्ये. एकडाव चुकली, बन्सीची बायकू जन्माची पडली. आज चालतंय, एप्रिलात बंद पडलं म्हंजी कुनाला घालायचं इहिरीत?” पुढच्या महिन्यात, पाच तारखेच्या सोमवारी, सगळे निघायचे ठरले आहे.

त्यांना तसे वाटते, कारण मीच तसे सांगितले. मालनवहिनी पडल्या त्या दिवशी बन्सीभाऊजींनी विचारले, इंजन कशाने गेले? मी म्हणाले, माझ्याकडून मोजायला चूक झाली. चूक कबूल करणारे तुमचे पत्र तेव्हा आले नव्हते, पण आले असते तरी मी तेच सांगितले असते. सातवीपर्यंत तुमच्या घरी राहिले. तुमचे नाव टाकीजवळच्या भांडणात यावे असे मला वाटले नाही. त्याचा परिणाम असा होईल हे लक्षात आले नाही. आता मी खरे सांगितले तर कोण मानणार? म्हणतील, अंगावर आले म्हणून मामावर ढकलते.

बाकीची सगळी घरे गेली की इंजन चालवून करायचे काय? डिझेल आणायला शेवगावला जायला माणूससुद्धा उरणार नाही.

चांगुणा


सावेडी
३१ जानेवारी १९७३

चि. सौ. चांगुणेस.

मला वाचवण्यासाठी तू खोटे बोललीस. माझ्या घरात तू जे शिकलीस त्यात हे नव्हते. खालील मजकूर रविवारी पारावर, बन्सीराव आणि श्रीमंतराव हजर असताना, मोठ्याने वाच. एकही शब्द गाळू नकोस.

“पिंपळदरा वस्तीतील सर्व मंडळींस, राधाकृष्ण, निवृत्त इंजन-शिक्षक, सावेडी, यांचे निवेदन. आपण वस्ती सोडत आहात ती चांगुणेच्या हातावर विश्वास उरला नाही म्हणून. तिने चूक केली, हे तुमच्या म्हणण्याचे कारण आहे. हे कारण खोटे आहे. फट कुठे मोजावी, ही ओळ मी लिहिली नाही. पिस्टन खाली येताना जड होतो असे तिने कळवले, तेव्हा इंजन सुरू करा असे मी लिहिले. ती थांबली होती. मी तिला थांबू दिले नाही. नंतर दोष कुठे होता हे कोणी न सांगता तिने स्वतः शोधले, आणि आज जे इंजन चालते आहे ते तिने दुरुस्त केले आहे. एका रिंगच्या टोकावरून केसाच्या निम्म्याहून कमी लोखंड घासून थांबू शकणारा हात सव्वीस वर्षांत माझ्याकडे शिकलेल्या मुलांपैकी फार थोड्यांचा होता. मालनबाईंच्या दुखापतीचे उत्तर देणे माझ्याकडे लागते. त्यांना मी ते समक्ष सांगितले आहे आणि बन्सीरावांना सांगायला बांधील आहे. वस्तीत राहावे की जावे हे ठरवणे तुमचे. पण जाणाऱ्याने माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून जावे. तिच्यावरचा उडण्याचे काही कारण घडलेले नाही.”

खाली सही आहे. कोणाला पडताळून पाहायचे असेल तर डिसेंबरातली माझी दोन्ही पत्रे दाखव.

मालनबाईंना ताप आहे. डॉक्टर पायांविषयी काही बोलत नाहीत, आणि त्याही आता विचारत नाहीत.

राधाकृष्ण


पिंपळदरा वस्ती
८ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप मामा,

पत्र पारावर वाचले. एकही शब्द गाळला नाही. श्रीमंततात्यांनी तुमची जुनी पत्रे मागितली, चष्मा लावून स्वतः वाचली, घडी घालून परत दिली. म्हणाले, “मानूस शिकल्याला हाय. न्हायतर येवडं कोन लिवून देतंय.” कोणी हसले नाही.

सोमवारी पंधरा घरे गेली, तात्याही गेले. एकोणीस राहिली. गाडीत भांडी चढवलेली दोन घरे संध्याकाळी परत उतरली, ती धरून. डिझेल आणायला आता पाळी लावली आहे. इंजन रोज सकाळी दोन तास चालते. खालची पातळी आठवड्याला हातभर उतरते आहे. पाऊस पडेपर्यंत पुरेल का, हे मला सांगता येत नाही आणि तुम्हीही अंदाजाने सांगू नका.

बन्सीभाऊजी राहिले. तुमचे पत्र वाचले तेव्हा ते समोर बसून होते, वाचून झाल्यावर उठून गेले. आमच्याशी बोलत नाहीत. टाकीवर येत नाहीत. पाणी कुठून आणतात ते मला ठाऊक आहे, विहिरीत उतरतात.

मालनवहिनींना सांगा, त्यांचा हंडा मी रोज भरून त्यांच्या उंबऱ्याशी ठेवते. भाऊजी तो घरात नेत नाहीत. पण अजून एकदाही त्यांनी तो ओतून दिलेला नाही.

तुमची,
चांगुणा